सभासदांस विचारावें कसें?

सोसायटीच्या कचेरींत, चिटणीस समोर असतां, "आपण संतुष्ट आहांत ना?" असें विचारल्यास "सारें ठीक आहे" हेंच उत्तर मिळावयाचें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत मत न विचारतां प्रत्यक्ष घडलेला प्रसंग विचारतात. आम्हांस तीच ग्राह्य वाटते. सभासदाच्या बांधावर बसून पुसावें : "मागील खेपेस पीककर्जासाठीं आलांत, तेव्हां प्रथम कोणास भेटलांत? हेलपाटे किती पडले? त्या दिवशीं शेतांतलें कोणतें काम राहिलें?" तो बोलूं लागला म्हणजे मध्येंच आपला खुलासा घालूं नये, थांबला तरी घाई करूं नये. खरी तक्रार बहुधा त्यानंतरच निघते. ती त्याच्याच शब्दांत टिपावी. "कर्जास विलंब झाला" एवढेंच कारकुनी भाषेंत लिहिलें, तर पेरणीचा वापसा निघून गेला हें संचालकांस कधींच कळत नाहीं.