पहिलं मोठं रिव्हॉल्व्हर

अमेरिकेत जुन्या बंदुका विकणाऱ्यांमध्ये एक विनोद चालतो. विकायला आलेलं .५०० मॅग्नम रिव्हॉल्व्हर अगदी कोरं असतं आणि सोबतच्या वीस काडतुसांच्या खोक्यात पंधरा काडतुसं शिल्लक असतात. या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये पाचच काडतुसं मावतात. मालकाने सिलिंडर एकदा भरला, एकदा रिकामा केला आणि हौस फिटली! विनोद बाजूला ठेवला तरी त्यातली चूक खरी आहे. पहिल्यांदा मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर घेणारा ताकद विकत घेतो, आणि ती ताकद वापरायचा सराव मात्र त्याला झेपत नाही.

रायफल असताना शिकारीला रिव्हॉल्व्हर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. रायफलने दोनशे यार्डांवरून हरीण पाडता येतं. रिव्हॉल्व्हरवाल्याला सहसा पन्नास यार्डांच्या आत जावं लागतं, म्हणजे वारा, आडोसा आणि सावजाच्या सवयी ओळखाव्या लागतात. या जवळिकीसाठीच अनेकजण रायफल घरी ठेवतात. टेक्सासमध्ये रानडुकरांमागे दाट झुडपांत शिरताना कमरेची छोटी बंदूक सोयीची पडते. अलास्कात नदीकाठी मासे धरणारे लोक अस्वलाच्या भीतीने ती जवळ बाळगतात.

या छंदाचा मूळपुरुष म्हणजे आयडाहोतले पशुपालक, शिकारी आणि लेखक एल्मर कीथ (१८९९–१९८४). १८७३ पासून चालत आलेल्या .४५ कोल्ट काडतुसात जास्त दारू भरण्याच्या प्रयोगांत त्यांनी रिव्हॉल्व्हर फोडून घेतलं. मग ते १९०७ च्या .४४ स्पेशलकडे वळले. हे काडतूस किंचित बारीक असल्याने सिलिंडरच्या भिंती जाड राहतात आणि जास्त दाब सोसतात. सपाट नाकाची जड शिशाची गोळी आणि भरपूर दारू, अशी जुळणी त्यांनी वर्षानुवर्षं वापरली आणि कारखान्यांनी ती तयार विकावी म्हणून लेखांतून पाठपुरावा केला. अखेर १९५५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून .४४ मॅग्नम काढलं. काडतुसाची लांबी मुद्दाम सुमारे एक अष्टमांश इंच वाढवली होती, म्हणजे जुन्या, कमी ताकदीच्या .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरमध्ये ते बसूच नये. रूगर कंपनीचं याच काडतुसाचं स्वस्त ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर १९५६ मध्ये आलं. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’मध्ये क्लिंट ईस्टवूडच्या हाती स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९ दिसलं आणि जी वस्तू शिकाऱ्यांपुरती होती ती साऱ्या देशाला ठाऊक झाली.

त्यानंतर चढाओढ लागली. वायोमिंगमधल्या फ्रीडम आर्म्स कंपनीने १९८३ पासून .४५४ कसुल या काडतुसाची रिव्हॉल्व्हरं विकायला काढली आणि २००३ मध्ये स्मिथ अँड वेसनचं .५०० आलं. आकडे पाहिले की फरक कळतो. .४४ मॅग्नमची नेहमीची २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने निघते; तिची ऊर्जा साधारण १३०० ज्यूल. भारतात परवानाधारकांना मिळणाऱ्या .३२ बोअर रिव्हॉल्व्हरच्या गोळीची ऊर्जा याच्या एका छोट्या हिश्शाइतकी. .५०० ची ऊर्जा .४४ च्या दुपटीहून अधिक असते, पण हाताला बसणारा धक्काही दुपटीहून अधिक असतो, तोही रिव्हॉल्व्हरचं वजन दोन किलोच्या आसपास असून. हरीण आणि रानडुक्कर यांना .४४ ची ताकद पुरेशी आहे. वरची ताकद सावजाच्या उपयोगी पडत नाही आणि नेम मात्र बिघडवते.

म्हणून पहिल्या निवडीत .४४ मॅग्नम आजही पुढे आहे. याचं खरं कारण त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या सौम्य भावंडात आहे. .४४ मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये आखूड .४४ स्पेशल बेलाशक चालतं. उलट मात्र चालत नाही. सुरुवातीचे महिने स्पेशलवर हात बसवायचा, मग मॅग्नमकडे जायचं. फक्त आखूड काडतुसांमुळे सिलिंडरच्या घरांत काजळीचं कडं साचतं, ते घासून काढावं लागतं, नाहीतर लांब काडतुसं अडकतात. .४५४ मध्ये .४५ कोल्ट चालतं, तिथेही हाच हिशेब. .४५ कोल्टचं मात्र एक पथ्य आहे. मजबूत रूगरसाठी भरलेली जोरकस काडतुसं याच नावाखाली मिळतात. ती जुन्या किंवा नाजूक बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालणं म्हणजे कीथ यांचा अपघात पुन्हा घडवणं.

आता बनावट. सिंगल ॲक्शनमध्ये प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने ताणावा लागतो आणि काडतुसं बाजूच्या झडपेतून एकेक करून भरावी लागतात. शिकारीत घाई नसल्याने हे अडत नाही, आणि त्याची वळणदार मूठ धक्का बसताच हातात वर फिरते, त्यामुळे तो थोडा सुसह्य वाटतो. डबल ॲक्शनमध्ये चाप ओढला की घोडा आपोआप उठतो, सिलिंडर बाजूला उघडतो, पण धक्का थेट अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसतो. जुनं सिंगल ॲक्शन घेताना वर्ष विचारावं. १९७३ पासून रूगरने घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये सुरक्षेची पट्टी बसवली. त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरतात, नाहीतर हातून पडलं तरी बार उडू शकतो.

वजन आणि नळी यांत कंजूषी नको. सव्वा ते दीड किलोचं रिव्हॉल्व्हर कमरेला जड वाटतं, पण तेच वजन धक्का पितं. हलक्या मिश्रधातूच्या .४४ मध्ये धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकून सिलिंडर अडल्याचंही घडतं. नळी सहा ते साडेसात इंच ठीक. दोन्ही साईटमधलं अंतर वाढतं, नेम सुधारतो. काही राज्यांत तर लांबीची अटच आहे: ओहायोत हरणासाठी नळी किमान पाच इंची, बोअर किमान .३५७ आणि काडतूस सरळ भिंतीचं लागतं.

सुरक्षेच्या सवयी पहिल्या दिवसापासून हव्यात. सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून तापलेला वायू आडवा फुटतो, म्हणून आधाराचा हात त्या फटीपुढे कधीच न्यायचा नाही. आवाज इतका कर्कश असतो की कानात बोळे आणि वर कर्णरक्षक, दोन्ही लावलेले बरे. धक्क्याच्या भीतीने चाप ओढतानाच हात खाली दबतो, हा सगळ्यांचा शत्रू. त्यावर जुना उपाय असा: मित्राने सिलिंडरमध्ये एक-दोन रिकाम्या पुंगळ्या न सांगता घालून द्यायच्या. पुंगळीवर घोडा पडला की दचकणं उघडं पडतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने कायदा आधी वाचावा. परवानाधारक दुकानातून रिव्हॉल्व्हर घ्यायला वय २१ लागतं आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौशी शिकारीला बंदी आहे, शस्त्रांवर १९५९ चा कायदा आहे. म्हणून सुट्टीला येताना बॅगेचा प्रत्येक कप्पा तपासावा. चुकून राहिलेल्या एका काडतुसापायीही भारतातल्या विमानतळावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

शेवटी शिकार. रिव्हॉल्व्हरच्या गोळीला रायफलचा वेग नसतो. ती फुप्फुस-हृदयातून आरपार भोक पाडून काम करते. रानडुकरासारख्या भक्कम जनावराला सपाट नाकाची कडक शिशाची गोळी, हरणाला फुलणारी गोळी चालते. पण गोळीपेक्षा जागा महत्त्वाची. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण आठ इंचांचा. तेवढी कागदी थाळी लावायची, उभं राहून किंवा झाडाच्या आधाराने पाच बार काढायचे आणि पाचही थाळीत बसले तर दहा पावलं मागे सरकायचं. ज्या अंतरावर एक बार बाहेर गेला, त्याच्या अलीकडचं अंतर ही आपली मर्यादा. ती तीस यार्ड असो वा साठ, मोसमाआधी दरवेळी नव्याने मोजायची. त्यापलीकडे कितीही मोठं शिंगाळं हरीण उभं राहिलं तरी आणखी जवळ जायचं, नाहीतर चापावर बोट ठेवायचं नाही.