कॉम्प्युटर मध्येच बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

आजचा विषय म्हणजे घरोघरची तक्रार. "कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो, निळी स्क्रीन येते, पण कधी येईल ते सांगता येत नाही." माझ्या मेहुण्याच्या पीसीचं हेच झालं होतं. दोनदा फॉरमॅट मारून झालं, पैसे गेले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी रॅमची एक स्टिक खराब निघाली.

आता बघा, एकच सॉफ्टवेअर उघडल्यावर बंद पडत असेल, तर आधी त्या सॉफ्टवेअरवर संशय घ्यायचा. पण आज ब्राउझर, उद्या एक्सेल, परवा नुसता डेस्कटॉप, आणि निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळा कोड, असं असेल तर रॅम तपासायलाच हवी. असं का होतं? ८ जीबी रॅममध्ये साधारण ६,८७० कोटी बिट असतात. त्यातला एखादा बिघडला, तरी त्या जागी विंडोज दर वेळी वेगळी गोष्ट ठेवतं. म्हणून बिघाड एकच, पण रूपं अनेक.

तपासायचं कसं? स्टार्ट मेनूमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा. पीसी रीस्टार्ट होऊन टेस्ट चालते. त्यात काही सापडलं नाही म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. 'मेमटेस्ट८६+' हे फुकट मिळतं. ते पेनड्राइव्हवर घालून त्यावरून पीसी सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. इथे पास व्हायला शून्यच एरर लागते, एकही चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर बंद करून पुन्हा टेस्ट लावा. कधी कधी स्टिक चांगली असते, फक्त जास्तीचा वेग तिला झेपत नाही.

एरर आलीच, तर पीसी बंद करा, प्लग काढा, स्टिक काढून पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत नीट बसवा. तरीही एरर आली तर एकेक स्टिक, त्याच एका स्लॉटमध्ये लावून तपासा. एकच स्टिक नापास झाली तर दोष तिचा. सगळ्याच नापास झाल्या तर स्लॉट बदलून बघा, दोष मदरबोर्डचाही असू शकतो. आणि सगळ्या पास होऊनही पीसी बंद पडत असेल, तर पॉवर सप्लाय, तापमान आणि ड्रायव्हर यांच्याकडे वळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही सेव्ह केलेली प्रत्येक फाइल आधी रॅममधून जाते. रॅम खराब असेल तर फोटो, हिशेब, प्रोजेक्ट गुपचूप बिघडू शकतात, आणि कॉपी करताना एररचा मेसेजही येत नाही. मेहुण्याने घाईघाईत "बॅकअप घेऊन ठेवतो" म्हणत जुन्या बॅकअपवरच नवा टाकला, आणि लेकीच्या बारशाचे काही फोटो अर्धे करडे झाले. जुनी चांगली प्रतही गेली. म्हणून संशय आला की जुन्या बॅकअपला हात लावू नका. ड्राइव्ह दुसऱ्या, धडधाकट पीसीला जोडून कॉपी करा. फॉरमॅटही नंतरच, कारण खराब रॅमवर टाकलेलं नवं विंडोजसुद्धा खराबच होऊ शकतं.

आणि हो, रॅमचं बिल शोधून ठेवा, वॉरंटी शिल्लक असू शकते. चला, भेटू पुढच्या भागात!