किती बुडालं तर चालेल?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव २९ ऑगस्ट २०२३पर्यंत बाहेरच्या कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्या दिवशी मनोज जरांगे पाटील तिथे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचं नाव घराघरांत पोहोचलं. आरक्षणाच्या मागणीचं काय व्हायचं ते कोर्टात आणि विधिमंडळात होईल, तो या लेखाचा विषय नाही. पण त्या मंडपात आलेल्या हजारो तरुणांची घरची परिस्थिती बरीचशी सारखी होती. वाटण्या होत होत उरलेली तीन-चार एकर, हातात पदवी, पोलीस भरतीचे दोन-तीन प्रयत्न झालेले आणि वय सरत चाललेलं.

अशा तरुणाला कुणी ना कुणी सुचवतंच, ‘मग एखादा धंदा का टाकत नाहीस?’ तो सांगतो, ‘भांडवल नाही.’ हे खरंच असतं. पण त्याच्या मागे आणखी एक वाक्य असतं, ते चारचौघांत बोललं जात नाही. ‘आणि बुडालं तर?’

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही जुनी उतरंड मराठवाड्यात कधीच उलटी झाली. मुलगी द्यायची तर पहिला प्रश्न नोकरीचा, मग शेतीचा. ‘धंदा करतो’ म्हटलं की पाहुणे चहाचा कप खाली ठेवतात. दुकान टाकून दोन वर्षांत बंद करावं लागलं, तर पैसा जातोच, शिवाय ‘त्याला कुणी सांगितले होते नस्ते उद्योग’ हे वाक्य गावात पुढची दहा वर्षं फिरतं. उद्योग या शब्दाचा आपल्या भाषेत असाही एक अर्थ आहे, हे थोडं बोलकंच म्हणायचं.

ही भीती भेकडपणातून आलेली नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या तीनच वर्षं आधी, २०१२-१३च्या दुष्काळात, याच जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. मोसंबीचं झाड धरायला लागायलाच चार-पाच वर्षं जातात. इतकी वर्षं लेकरासारखी जपलेली झाडं टँकरच्या पाण्यावर जगवून पाहायची आणि अखेर त्यांना कुऱ्हाड लावायची, हे ज्यानं बापाच्या शेजारी उभं राहून पाहिलं, त्याला ‘जोखीम घ्यायला शीक’ असं कोण सांगणार? जोखीम म्हणजे काय ते तो सांगणाऱ्यापेक्षा जास्त जाणतो. त्यामुळे ‘भीतीवर मात करा’, ‘मोठी स्वप्नं पाहा’ असल्या शिबिरांतल्या टाळ्या हॉलच्या दारापर्यंतच टिकतात. भीतीमागे हिशोब असेल, तर तो हिशोबच बदलावा लागतो.

याच जालन्यात एका माणसानं तो बदलून दाखवला.

बद्रीनारायण बारवाले यांचा जन्म हिंगोलीचा, कर्मभूमी जालना. ते शेती करत. शास्त्रज्ञ नव्हते. त्या काळात भेंडीवर पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग यायचा आणि पीक हातचं जायचं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं या रोगाला दाद न देणारं ‘पुसा सावनी’ हे वाण काढलं होतं. बारवाल्यांनी त्याचं बियाणं आणून आपल्या शेतात लावलं, आणि भेंडी मंडईत नेऊन विकण्याबरोबरच त्या वाणाचं बियाणं तयार करून विकायला सुरुवात केली. हे सगळं कंपनी निघण्याच्या आधीचं. बियाणं बिघडलं असतं तर एका हंगामाची भेंडी गेली असती. घर गेलं नसतं.

१९६४ साली त्यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे ‘महिको’, काढली. वर्ष लक्षात घेण्यासारखं आहे. राष्ट्रीय बीज निगम निघून एकच वर्ष झालं होतं, बियाण्यांचा कायदा यायला अजून दोन वर्षं होती, आणि बियाणं ही विकत घेण्याची वस्तू आहे हेच शेतकऱ्याला मान्य नव्हतं. कणगीतलं चांगलं कणीस बाजूला काढायचं, राख लावून ठेवायचं, मृगात पेरायचं. जे घरात फुकट आहे त्याला पैसे कोण मोजणार? त्यात संकरित बियाण्याची गोष्ट आणखी अवघड. त्याच्या पिकातून ठेवलेलं बी पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही, दर हंगामाला नवं घ्यावं लागतं. म्हणजे ज्यानं आयुष्यात कधी बियाणं विकत घेतलं नाही, त्याला दरवर्षी घ्यायला लावायचं! कागदावर मांडला असता तर या धंद्याला कुठल्याही बँकेनं दारातूनच परत पाठवलं असतं.

पण भेंडीनं बारवाल्यांना काहीतरी शिकवून ठेवलं होतं. शेतकरी जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, तो शेजारच्या बांधावर विश्वास ठेवतो. एकाच्या रानात पीक हिरवं उभं राहिलं की पुढच्या हंगामात दहाजण विचारत येतात. बियाणं तयार करण्याचं कामही शेतकऱ्यांच्याच रानात होत गेलं, आणि त्यातून जालना परिसरात ‘सीड प्लॉट’ नावाची एक वेगळीच शेती रुजली.

हा प्लॉट जवळून पाहण्यासारखा असतो. कपाशीचा असेल तर मादी झाडांच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. दुपार कलली की बाया मादीच्या ओळीत शिरतात. उद्या उमलणारी कळी नेमकी हेरायची, नखानं तिची पाकळी आणि पुंकेसर सोलून काढायचे आणि आतल्या कोवळ्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. सोललेली कळी हिरव्या पानांत हरवू नये म्हणून खुणेला रंगीत कागद. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं तोडून आणायची आणि ऊन तापायच्या आत एकेका कळीवर पराग फिरवायचा. याला सगळे सरळ ‘क्रॉसिंग’ म्हणतात. एक कळी सोलायची राहिली तर तिच्या बोंडात भेसळ, आणि तपासणीत लॉट नापास झाला तर हंगामाची मेहनत पाण्यात. धोका इथेही आहेच. पण तो कळीएवढा लहान करून वाटलेला आहे, आणि कुठे चुकतं ते हाताला कळतं.

बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण. २०१७ साली ते गेले. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ असं पूर्वी म्हणत. आज तिथल्या पाट्या वाचत गेलं तर बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडी सळईचे कारखाने यांनीच रस्ता भरलेला दिसतो. संकरित बियाण्यांनी शेतकऱ्याला कंपन्यांवर अवलंबून केलं, ही टीकाही बारवाल्यांच्या धंद्यावर झाली. तो वाद खरा आहे आणि संपलेला नाही. इथे एवढंच पाहायचं की पहिलं पाऊल किती छोटं होतं.

महिकोच्या आधी पाऊण शतक, बेळगावात, असंच घडलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. पण त्याआधीच, १८८८ साली, बेळगावात भावाच्या साथीनं सायकलचं दुकान सुरू झालेलं होतं. हा तपशील भाषणांतून नेहमी गाळला जातो, कारण ‘नोकरीवर लाथ मारली’ हे ऐकायला जास्त बरं वाटतं. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. ती दोन वर्षं ते कारखानदार म्हणून नव्हे, दुसऱ्या कामांच्या आधारानं टिकले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर.

अशा गोष्टी ऐकून ‘ती माणसंच वेगळी होती’ असं म्हणण्याचा मोह होतो. जन्मजात धाडसी वगैरे. सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या संशोधिकेनं नेमकं हेच तपासलं. अमेरिकेत नोबेल मानकरी हर्बर्ट सायमन यांच्या हाताखाली काम करताना तिनं २७ मुरलेल्या उद्योजकांना एक काल्पनिक धंदा दिला आणि तो कसा उभा कराल ते मोठ्यानं बोलत विचार करायला सांगितलं. २००१ साली तिनं मांडलेल्या निष्कर्षांतला एक असा : नफा किती होईल यापासून ही माणसं सुरुवात करत नाहीत. जवळ काय आहे, ओळखीचं कोण आहे आणि यातलं किती गेलं तर आपल्याला चालेल, इथून ती निघतात. म्हणजे आपलं अंथरूण पाहून पाय पसरणं! फक्त आपल्याकडे ही म्हण पाय आखडून घ्यायला सांगितली जाते, ही माणसं ती पसरायला वापरतात.

हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलंड यांचा एक खेळ जत्रेतल्या रिंगांच्या स्टॉलची आठवण करून देतो. खुंटीत कडं टाकायचं, किती लांबून टाकायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काहीजण अगदी जवळ उभे राहतात, काहीजण उगाच फार लांब. ज्यांना खरोखर काही करून दाखवायचं असतं ते मधे उभे राहतात, जिथून चुकूही शकतं आणि साधूही शकतं. १९६४ साली, म्हणजे महिको निघाली त्याच वर्षी, मॅक्लेलंड यांनी आंध्रातल्या काकिनाडा गावच्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादला नेऊन काही दिवसांचं प्रशिक्षण दिलं. पुढच्या काळात या मंडळींनी प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा जास्त हालचाल केली, नवे धंदे काढले, जुन्यांत पैसा घातला. आफ्रिकेतल्या टोगो देशात अलीकडे १,५०० छोट्या व्यावसायिकांवर असाच प्रयोग झाला आणि २०१७ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. काहींना जमाखर्च, विक्री वगैरे नेहमीचं शिकवलं. काहींना स्वतःहून पाऊल कसं उचलायचं, अडचण आधीच कशी ओळखायची, आपटल्यावर पुन्हा कसं उभं राहायचं, याचा सराव दिला. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटाची वाढ धरण्याजोगी नव्हती.

आपल्याकडे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८पासून काम करतं, त्याचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे. योजनांनाही तोटा नाही. मुद्रा आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. मराठा तरुणांसाठी १९९८ साली स्थापन झालेलं अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ आहे. हप्ते वेळेवर भरले तर ते बँकेच्या कर्जाचं व्याज परत देतं. गोम अशी की कर्ज द्यायचं बँकेनं, आणि बँकेत गेलं की सिबिल बसत नाही, नाहीतर तारण विचारतात. कर्ज मिळालंच तरी भीती कमी होत नाही, उलट वाढते. पहिल्याच फटक्याला आठ-दहा लाख डोक्यावर घेतलेला माणूस त्या रिंगेच्या खेळात फार लांब उभा राहिलेला असतो. कर्ज वाईट नव्हे, पण ते भेंडीनंतर यावं.

भीतीचा हिशोब एकट्यानं बदलत नाही, हे जालन्यातच आणखी एका धंद्यात दिसतं. रेशीम. तुती लावा, अळ्या पोसा, हे मराठवाड्यात बरीच वर्षं सांगितलं जात होतं. पण कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागे. रात्रभरचा प्रवास, अनोळखी भाषा, भाव पडला तर माल परत आणायचीही सोय नाही. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोषांचा खुला बाजार सुरू झाला, राज्यातला पहिला. तुतीच्या लागवडीला रोजगार हमीतून मदतही मिळू लागली. ज्यानं आधी नको म्हटलं होतं त्याच माणसानं एक एकर तुती लावून पाहिली. स्वभाव तोच होता, रामनगर जवळ आलं होतं.

शिकाऊ माणूस पहिल्यांदा शंभर अंडीपुंजांची बॅच घेतो. चॉकीतून, म्हणजे अळ्या लहानपणी पोसणाऱ्या केंद्रातून, आलेल्या बारीक अळ्या रॅकवर पसरायच्या आणि दिवसातून दोनदा पाला टाकायचा. शेवटच्या आठवड्यात शेडमध्ये उभं राहिलं की पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज येतो, हजारो अळ्या पाला कुरतडत असतात. घरातली सगळी माणसं पाला तोडायला लागतात. शेजारच्या रानात कीटकनाशक फवारलं आणि वारा इकडचा असला, तर सगळी बॅच एका रात्रीत बसू शकते. बसली तर महिना जातो, तुती जागेवर राहते. साधली तर साठ-सत्तर किलो कोष पोत्यांत भरून टेम्पो जालन्याला निघतो, आणि बाजारात कोष ओतून व्यापारी ते हातानं दाबून बघत असताना पोराचा जीव टांगणीला लागतो.

लिलाव झाला, पावती खिशात आली की तो परत येतो आणि शेड धुवायला घेतो. पुढच्या बॅचच्या आत जमिनीवर चुना आणि ब्लीचिंग पडायला हवं, आणि या वेळी त्याला दीडशे अंडीपुंज सांगायचे असतात.