स्टेजवर अकूस्टिक गिटारसाठी कोणता माईक घ्यायचा? पैसे घालवण्याआधी एवढं वाचा

आज मोबाईलचा नाही, माईकचा विषय घेतोय. पण यातली अर्धी तपासणी तुम्ही खिशातल्या मोबाईलवरच करणार आहात, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला फर्स्ट इयरची एक मुलगी स्वतः बांधलेलं गाणं गिटारवर म्हणणार होती. गिटार साधी, आत पिकअप वगैरे काही नाही. "दादा, तुम्हाला यातलं कळतं ना, जरा साऊंड बघाल का?" असं तिने विचारलं आणि मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. साऊंडवाल्या काकांनी गाण्याचाच एक जादा माईक स्टँडला लावून गिटारच्या भोकासमोर ठेवला. गिटार ऐकूच येईना. मी म्हणालो, "काका, वाढवा की." काका म्हणाले, "अरे बाळा, वाढवलं की कुई होतंय." तरी मी हट्ट धरला. त्यांनी वाढवला, आणि आधी घूंऽऽ, मग कान फाटेल अशी शिट्टी. हॉलमध्ये हशा. ती पहिल्या कडव्यातच थांबली आणि स्टेजवरून खाली आली.

त्या रात्री मी घरी येऊन "बेस्ट माईक फॉर अकूस्टिक गिटार" शोधलं आणि एका महागड्या कंडेन्सर माईकच्या ऑर्डरपर्यंत पोचलो होतो. घेतला नाही ते बरं झालं. का, ते सांगतो.

रेकॉर्डिंगचा सल्ला स्टेजवर चालत नाही

यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ घरातल्या किंवा स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगसाठी असतात. तिथे वाजवणारा हेडफोन लावून बसतो, खोलीत स्पीकर चालू नसतो. माईक हातभर लांब ठेवला तरी चालतं.

स्टेजवर एक गोल तयार होतो. गिटारचा आवाज माईकमध्ये जातो, तिथून मिक्सर, अँप्लिफायर, स्पीकर, आणि स्पीकरचा आवाज परत त्याच माईकमध्ये. परत येणारा आवाज मूळ आवाजाइतका झाला की गोल स्वतःच फिरायला लागतो. हाच फीडबॅक, म्हणजे आपली "कुई". म्हणून स्टेजसाठी माईक निवडताना दोन प्रश्न लागतात. गिटार चांगली ऐकू येते का, हा एक. आणि आजूबाजूचं तो किती कमी ऐकतो, हा दुसरा. रेकॉर्डिंगवाल्यांना दुसरा प्रश्न फारसा पडतच नाही.

भोकासमोर माईक का नको?

आपल्याला वाटतं, आवाज भोकातून येतो, तर माईक तिथेच हवा. पण गिटारची पोकळी म्हणजे एक मोठी बाटलीच. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर घुमतो ना, तसं. मोठ्या अंगाच्या गिटारमध्ये हे घुमणं साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतं, आणि मोकळी पाचवी तार, म्हणजे ए, असते ११० हर्ट्झ. म्हणून भोकासमोरचा माईक ठराविक सूर आले की घुमतो, बाकी सगळं चेपलेलं ऐकू येतं. वर स्पीकरमधून येणारा खालचा आवाज पोकळीला आणखी हलवतो. आमचं पहिलं घूंऽऽ तिथूनच आलं होतं.

आता मोबाईल काढा

हा प्रयोग आजच करा. मित्राला गिटार वाजवायला बसवा. रेकॉर्डर चालू करून मोबाईलचा खालचा माईक गिटारपासून वीतभर अंतरावर तीन जागी धरा: भोकासमोर, बाराव्या फ्रेटसमोर आणि ब्रिजच्या मागे. तिन्ही वेळा तोच तुकडा, तेवढ्याच जोरात. मग इअरफोन लावून ऐका.

भोकासमोर आवाज घुमेल. ब्रिजमागे बऱ्याचदा लाकडी, थोडा बारीक येतो. बाराव्या फ्रेटजवळ तारांची चमक आणि अंगाचा भरीवपणा दोन्ही बऱ्यापैकी मिळतात. बहुतेक गिटारना हीच जागा मानवते. एक लक्षात ठेवा, बरेच मोबाईल रेकॉर्डिंगची लेव्हल आपोआप वर-खाली करतात. त्यामुळे आवाज किती मोठा आहे ते बघू नका, कसा आहे ते ऐका.

जागा बदलल्याने एवढा फरक पडतो हे कळलं की माईक बदलण्याची घाई आपोआप कमी होते.

डायनॅमिक की कंडेन्सर?

डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकाजवळ हलते आणि वीज तयार होते. दणकट, वेगळा करंट लागत नाही. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ पासून बाजारात आहे आणि आजही कित्येक साऊंडवाल्यांच्या पेटीत असतो. गिटारवर तो चालतो, पण तारांची अगदी वरची झळाळी जरा कमी पकडतो.

कंडेन्सरचा पडदा खूप हलका असतो, त्यामुळे बोटांची, नखांची बारीक हालचालसुद्धा स्पष्ट येते. गिटारसाठी पेन्सिलसारखा बारीक, छोट्या पडद्याचा कंडेन्सर बघा. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. मिक्सरवर ते बटण नसेल तर माईक मुकाच राहील. विकत घेण्याआधी, जिथे वाजवणार तिथला मिक्सर बघून घ्या.

"कंडेन्सर म्हणजे फीडबॅक" असं सरसकट म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. जवळ ठेवला आणि तोंड बरोबर दिशेला असलं तर तोही नीट वागतो.

आपल्याकडे असलेले तीन माईक मात्र स्टेजवर आणू नका:

- कॉलर माईक: बहुतेक कॉलर माईक चारही बाजूंचा आवाज सारखाच घेतात. रीलसाठी मस्त, स्पीकरसमोर त्रास.
- यूएसबी माईक: कॉम्प्युटरला किंवा मोबाईलला जोडायला बनलेला. मिक्सरच्या एक्सएलआर केबलवर तो बहुतेक वेळा लागतच नाही.
- मोबाईलच्या जॅकचा माईक: त्याला मोबाईल थोडे व्होल्ट पुरवतो. साध्या केबलने मिक्सरला लावला तर चालेलच असं नाही.

पॅटर्न: माईक कुठे बहिरा आहे?

खोक्यावर कार्डिऑइड, सुपरकार्डिऑइड असं लिहिलेलं असतं. ते वाचताना एकच विचारा, हा कुठून ऐकत नाही?

कार्डिऑइड थेट पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून स्टेजवरचा मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीमागे ठेवायचा. सुपरकार्डिऑइडचे बहिरे कोपरे मागच्या दोन बाजूंना, साधारण १२६ अंशांवर असतात, आणि थेट पाठीमागून तो थोडं ऐकतो. त्याला मॉनिटर मागे पण तिरका हवा. माईक भारी आणि मॉनिटर चुकीच्या जागी, ही चूक मी बऱ्याच ठिकाणी बघितली आहे.

अंतर हा फुकटचा व्हॉल्यूम

माईक आणि गिटारमधलं अंतर निम्मं केलं की माईकमध्ये येणारा आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने वाढतो. स्पीकरकडून येणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ३० सेंटीमीटरवरून १५ वर आलात तर मिक्सरला हात न लावता फायदा. पण फार जवळ गेलात तर या प्रकारचे माईक खालचा आवाज फुगवतात. तेव्हा मिक्सरवरचं लो-कट बटण दाबा.

चालू माईक जितके कमी तितकं बरं. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की कुई येण्याआधीची मोकळीक साधारण ३ डेसिबलने घटते. निवेदकाचा माईक गाण्याच्या वेळी बंद ठेवा.

पिकअप असेल तर?

गिटारला जॅक असेल तर बहुतेकदा सॅडलखाली पिएझो पिकअप असतो. तो तारांचा दाब ओळखतो, हवेतला आवाज नाही, म्हणून त्याला कुई फार कमी येते. पण जोरात वाजवलं की प्लास्टिकसारखा, टणटण आवाज येतो. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअँप नसेल तर साध्या पिएझोला सुमारे १ मेगाओहमचं इनपुट लागतं. सरळ मिक्सरला लावलात तर खालचा आवाज गायब होतो. मध्ये प्रीअँप किंवा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स लावा.

मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे दोन्ही एकत्र. पिकअपवर मुख्य आवाज, आणि माईक फक्त हवा, चमक आणण्यासाठी थोडासा. माईकचा साधारण १५० ते २०० हर्ट्झखालचा भाग कापून टाका. मॉनिटरमध्ये फक्त पिकअप पाठवा, माईक नको. दोन्ही सुरू केल्यावर आवाज उलट पोकळ झाला, तर एका चॅनेलचं फेज बटण दाबून बघा. जो भरीव वाटेल तो ठेवा.

कुई आलीच तर

प्ले स्टोअरवर स्पेक्ट्रम अॅनालायझर प्रकारची फुकट ॲप्स आहेत. रिहर्सलमध्ये आवाज हळूहळू वाढवा आणि घूं सुरू होताच ॲपमध्ये कुठल्या आकड्यावर टोक उभं राहतं ते बघा. मिक्सरच्या इक्वलायझरवर तेवढीच जागा थोडी खाली करा. सगळा बेस किंवा सगळा ट्रेबल कापू नका, गिटारचा जीव जातो. आणि हे प्रेक्षक यायच्या आधी करा.

मग मी काय घेतलं?

काहीच नाही. त्या मुलीला भेटून सॉरी म्हणालो. दोन महिन्यांनी एका छोट्या हॉलमध्ये तिचा कार्यक्रम होता. या वेळी तासभर आधी गेलो. साऊंडवाल्यांच्या पेटीतलाच डायनॅमिक माईक बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर लावला, मॉनिटर बरोबर पाठीमागे, लो-कट चालू, ११० च्या जवळपास थोडी कात्री. स्पीकर माईकच्या पुढे सरकवले. आवाज स्टुडिओसारखा नव्हता, वरची चमक कमीच होती. पण तिने चारही कडवी म्हटली आणि शेवटच्या रांगेतून मी मोबाईलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक तार ऐकू येते.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी जागा, मग अंतर, मग मॉनिटर, मग लो-कट. एवढं करूनही चमक कमी वाटली आणि मिक्सरला फँटम पॉवर असली, तरच छोट्या पडद्याचा कार्डिऑइड कंडेन्सर बघा. नेहमी बँडबरोबर, ड्रम्सशेजारी वाजवत असाल तर पैसे माईकऐवजी चांगल्या पिकअपवर घाला. आणि साऊंडवाले काका "कुई होतंय" म्हणाले, तर माझ्यासारखा हट्ट करू नका. आधी माईक हलवून बघा.