पराभवाच्या आठवणीत बांधलेलं चर्च

वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्थानकावर, विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलेला माणूस सकाळी सीएसएमटीला उतरतो आणि मान वर करून तिथल्या कमानी बघत राहतो. ते स्थानक १८८८ सालचं. मुंबईत गॉथिक बांधणी रुजली ती त्याआधी तीस वर्षं, कुलाब्याच्या लष्करी वस्तीतल्या एका चर्चच्या रूपाने. सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे त्या चर्चचं कागदोपत्री नाव. टॅक्सीवाल्याला सांगायचं ते ‘अफगाण चर्च’.

१८४७ साली पायाभरणी झाली, जानेवारी १८५८ मध्ये चर्च उपासनेसाठी खुलं झालं. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. मुंबईला विहार तलावाचं पाणी मिळालं तेही याच अभियंत्याच्या योजनेतून. इंग्लंडमधल्या तेराव्या शतकातल्या चर्चचा घाट त्याने समोर ठेवला: टोकदार कमानी, अरुंद उंच खिडक्या, मधल्या दालनाच्या दोन्ही अंगांना पडव्या. दगड मात्र इथलाच, पिवळसर झाक असलेला बेसाल्ट आणि चुनखडी. फरशीच्या नक्षीदार टाइल्स इंग्लंडहून आल्या. मनोरा दूरवरून जहाजांना दिसावा, अशी सरकारची अट होती. १९८ फुटांचा तो मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला.

आतले लाकडी बाक जवळून बघावेत. त्यांना खाचा आहेत, बंदूक टेकवून ठेवण्यासाठी. १८५७ नंतर गोरा शिपाई प्रार्थनेलाही हत्यार घेऊनच येत असे.

चर्च उभं राहिलं ते पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत पडलेल्यांसाठी. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून ब्रिटिश फौजेचे सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे मागे फिरले. बर्फ, भूक आणि खिंडींतल्या गोळीबारात ती फौज संपली. त्या सैनिकांत बहुसंख्य हिंदुस्थानी होते. वेदीजवळच्या भिंतींवर नावं आहेत ती अधिकाऱ्यांची. साधे शिपाई इतके होते की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही, असं स्मृतिलेखच सांगतो. इतक्या देखण्या, इतक्या मेहनतीने घडवलेल्या वास्तूत ही उणीव फार बोचते. विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या कारखान्यातल्या रंगीत काचांना पैसा मिळाला, शिपायांच्या नावांना भिंत मिळाली नाही.

आज हे चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’कडे आहे. अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन ही संस्था स्थापन झाली, तीही नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. कुलाब्यातली उपासना आता तिच्याच छत्राखाली चालते.