समुद्राचें माप आणि भागीचें घोडें

गोदातीरीं राहणाऱ्या नाशिककरांस समुद्राशीं काय कर्तव्य, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ब्रह्मगिरीवर उगम पावून रामकुंडावरून वाहणारी गोदावरी सुमारें १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. आणि सिन्नर-येवल्याचा शेतकरी ज्या पावसाची वाट पाहतो, तोही समुद्रावरूनच येतो. नद्यांचें गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्या उपसागरावर थरासारखें पसरतें. त्यामुळें खालचें थंड पाणी सहज वर येत नाहीं. वरचा थर ऊबदार राहतो व मेघांस पोषक होतो. तेव्हां समुद्र कोणत्या खोलीवर किती खारट व किती उष्ण आहे, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे, आपल्या घरच्या धान्याच्या कोठीचाही आहे.

हें मोजतात कसें? जहाज समुद्रांत थांबवून पोलादी दोरावरून एक चौकट खोल सोडतात. तींत पाण्याची विद्युद्वाहकता, उष्णता व दाब मोजणारीं उपकरणें असतात. सभोंवतीं बाटल्या बसविलेल्या असून जहाजावरून संदेश जातांच त्या हव्या त्या खोलीवर मिटतात व तेथलें पाणी घेऊन वर येतात. दर १० मीटरांस सुमारें एका वातावरणाएवढा दाब वाढतो, त्यावरून खोली समजते. तळ किती खोल, हें ध्वनि सांगतो. पाण्यांत तो सेकंदास सुमारें १,५०० मीटर जातो. म्हणजे ४,५०० मीटर खोल तळावरून प्रतिध्वनि येण्यास ६ सेकंद लागतात.

हीं उपकरणें महाग आणि तीं वाहणारें जहाज त्याहूनही महाग. प्रत्येक विद्यापीठानें आपापलें जहाज बांधावें, हें शक्य नाहीं. म्हणूनच १९८३ सालीं जर्मनींतून बांधून आलेली, सुमारें १०० मीटर लांबीची 'सागरकन्या' देशांतील निरनिराळ्या संस्थांच्या शास्त्रज्ञांची सामायिक प्रयोगशाळा झाली. २०१४ सालीं तिच्या जोडीस 'सिंधु साधना' आली.

परंतु 'भागीचें घोडें किवणानें मेलें' ही म्हण एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस समजावून सांगावयास नको. लग्नकार्याचें मोठें पातेलें सर्वांचें असतें. कल्हईची वेळ आली म्हणजे मात्र प्रत्येकाची दृष्टि दुसऱ्याकडे वळते. जहाजावरील उपकरणांचेंही तसेंच आहे. खारें पाणी धातूस खातें, शेवाळ चढतें, आणि मापांत हळूहळू चूक शिरते. उपकरण बंद पडलें तर निदान कळतें तरी. परंतु किंचित चुकीचा आंकडा सांगणारें उपकरण सर्वांसच फसवितें. महिनाभर लाटा सोसून आलेल्या विद्यार्थ्याची वही निरुपयोगी ठरावी, याहून मोठें नुकसान तें कोणतें?

यावर उपाय आहे, आणि तो हिंदी महासागरांतच एकदां करून दाखविला गेला आहे. १९५९ ते १९६५ या काळांत झालेल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेंत अनेक राष्ट्रांचीं चाळीसांवर जहाजें उतरलीं. प्रत्येकाचें जाळें निराळें असतें, तर एकानें धरलेल्या सूक्ष्म जीवांची दुसऱ्याच्या जीवांशीं तुलना कशी करावी? पूर्वीं गांवोगांव शेर निराळा असे, तसाच तो गोंधळ झाला असता. म्हणून १ चौरस मीटर तोंडाचें एकच प्रमाणित जाळें ठरविलें, तें २०० मीटरांवरून सरळ वर ओढावें असा नियम केला, आणि नमुने तपासण्याचें काम कोचीच्या एका केंद्राकडे सोंपविलें. त्या मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचें मुख्य ठाणें गोव्यांत दोना पावल येथें आहे. औंधच्या आप्पासाहेब पंतांच्या कन्या डॉ. अदिति पंत याच संस्थेच्या. १९८३ सालीं निघालेल्या मोहिमेबरोबर त्या अंटार्क्टिकास गेल्या. आपल्या घरांतील मुलीमुलांस हा मार्ग परका वाटूं नये.

सामायिक उपकरण स्वस्त पडतें, एवढाच त्याचा गुण नव्हे. सर्वांचें माप एक होतें, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्यासाठीं दोन पथ्यें पाळलीं पाहिजेत. उपकरण सर्वांचें असलें, तरी त्याची निगा राखणारा माणूस एकच व ठरलेला असावा. प्रत्येक सफरीपूर्वीं व सफरीनंतर त्यानें तें प्रमाणाशीं ताडून पाहावें. दुसरें असें कीं, खरेदीच्या दिवशींच दुरुस्तीचा पैसाही निराळा काढून ठेवावा. जो खर्च कोणाच्याच नांवावर नसतो, तो कोणीच करीत नाहीं.

पातेलें एकच असावें, यांत आम्हांस शंका नाहीं. कल्हईचा दिवस व ती करविणाऱ्याचें नांव मात्र घरच्या वहींत आधींच लिहिलेलें असावें.