संशोधन परिषदांना सार्वजनिक साहाय्य : फेरोइलेक्ट्रिक पदार्थांचे उदाहरण

एप्रिल १९२० मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या सभेत मिनेसोटा विद्यापीठातील जोसेफ व्हॅलासेक या तरुण संशोधकाने एक निबंध सादर केला. रोशेल मीठ या स्फटिकाचे विद्युत वर्तन लोहचुंबकाच्या चुंबकीय वर्तनाशी मिळतेजुळते आहे, असे त्याने दाखवून दिले. फेरोइलेक्ट्रिक पदार्थांच्या अभ्यासाचा आरंभ येथून मानला जातो. अशा परिषदांवर सार्वजनिक निधी का खर्च करावा, या प्रश्नाचा विचार याच विषयाच्या आधारे करता येतो.

फेरोइलेक्ट्रिक पदार्थ म्हणजे काय?

काही स्फटिकांमध्ये बाह्य विद्युत क्षेत्र नसतानाही धन आणि ऋण प्रभारांची केंद्रे एकमेकांपासून किंचित सरकलेली असतात. यास स्वयंस्फूर्त ध्रुवीकरण म्हणतात. बाह्य क्षेत्र लावून ज्यांच्या ध्रुवीकरणाची दिशा उलटविता येते, ते पदार्थ फेरोइलेक्ट्रिक होत. ‘फेरो’ हा शब्द लोहचुंबकत्वाशी असलेल्या साम्यामुळे आला. या पदार्थांत लोह असतेच असे नाही. विशिष्ट तापमानापलीकडे हा गुणधर्म नाहीसा होतो. बेरियम टायटॅनेटच्या बाबतीत हे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस आहे.

या पदार्थांवर दाब दिल्यास विद्युत प्रभार निर्माण होतो आणि विद्युत दाब लावल्यास त्यांचा आकार सूक्ष्म प्रमाणात बदलतो. सोनोग्राफी यंत्र, पाणबुडीचा वेध घेणारे सोनार, अवरक्त किरणांचे संवेदक, भ्रमणध्वनीतील सूक्ष्म कपॅसिटर तसेच वीज गेल्यावरही माहिती जपणारी स्मृती ही त्यांची प्रमुख उपयोजने होत.

एकच शोध, तीन देशांत

बेरियम टायटॅनेटचे असाधारण विद्युत गुणधर्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, जपान आणि सोव्हिएत संघ या तिन्ही देशांत स्वतंत्रपणे उघडकीस आले. युद्धकालीन गोपनीयतेमुळे एका देशातील संशोधकांना दुसरीकडील कामाची वार्ता नव्हती. तेच श्रम आणि तोच खर्च तीनदा झाला. ज्ञानाची देवाणघेवाण थांबल्यास समाजाला कोणती किंमत मोजावी लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे. पुढे १९६६ मध्ये प्राग येथे फेरोइलेक्ट्रिसिटीविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय बैठक भरली. शीतयुद्धाच्या काळात भरलेल्या या मालिकेची चौथी बैठक १९७७ मध्ये लेनिनग्राड येथे, तर पाचवी १९८१ मध्ये अमेरिकेत झाली.

साहाय्याचा अर्थशास्त्रीय आधार

ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि तिच्या लाभापासून इतरांना दूर ठेवणे कठीण असते. त्यामुळे केवळ बाजारावर विसंबल्यास मूलभूत संशोधनात पुरेशी गुंतवणूक होत नाही, हा विचार रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये मांडला. परिषदेलाही तो लागू पडतो. तेथे जुळलेल्या सहकार्याचा लाभ आयोजकांपुरता मर्यादित राहत नाही, म्हणूनच तिचा सर्व खर्च प्रवेशशुल्कातून वसूल करणे इष्ट नसते.

हा लाभ मोजणे अवघड असले तरी अशक्य नाही. २०१२ मध्ये आयझॅक चक्रीवादळामुळे न्यू ऑर्लिन्स येथील राज्यशास्त्रज्ञांची वार्षिक परिषद रद्द करावी लागली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तेथे भेटू शकले असते अशा अभ्यासकांनी एकत्र लेखन करण्याची शक्यता त्यामुळे सुमारे १६ टक्क्यांनी घटली.

भारतातील चित्र

भारताचा संशोधन व विकासावरील खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. २००८ च्या कायद्याने निर्माण झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ परिसंवादांना अर्थसाहाय्य देत असे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यानंतर हे मंडळ नव्या प्रतिष्ठानात विलीन झाले. प्रतिष्ठानासाठी २०२३ ते २०२८ या काळात ५० हजार कोटी रुपयांचा अंदाज मांडण्यात आला असून त्यातील मोठा वाटा बिगरसरकारी स्रोतांतून अपेक्षित आहे.

फेरोइलेक्ट्रिक क्षेत्रात या साहाय्याला विशेष महत्त्व आहे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या लेड झिर्कोनेट टायटॅनेटमध्ये वजनाने ६० टक्क्यांहून अधिक शिसे असते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध आणले. परंतु समर्थ पर्याय नसल्याने अशा सिरॅमिकला सूट द्यावी लागली. हा पर्याय शोधण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक यांनी एकत्र येणे अगत्याचे आहे. लहान गावातील विद्यापीठात भट्टी असते, नमुने तयार होतात. परंतु त्यांच्या सूक्ष्म परीक्षणाची महागडी साधने अनेकदा नसतात. ती उपलब्ध असलेल्या प्रयोगशाळेशी संपर्काचा सर्वांत स्वस्त मार्ग बहुधा परिषदेतूनच जातो.

साहाय्याच्या कसोट्या

प्रत्येक परिषद साहाय्यास पात्र ठरते, असे मात्र नाही. उद्घाटन, सत्कार आणि स्मरणिका यांवरच निधी खर्ची पडल्यास सार्वजनिक लाभाचा युक्तिवाद कोसळतो. निबंधांची काटेकोर निवड, तरुण संशोधकांना प्रवासखर्च, चर्चेसाठी पुरेसा वेळ, उद्योगांचा सहभाग आणि निष्कर्षांची खुली उपलब्धता या कसोट्या त्यासाठी आवश्यक आहेत. किती परिषदा भरल्या यापेक्षा त्यांतून किती संयुक्त संशोधन उभे राहिले, हाच साहाय्याच्या यशाचा खरा निकष ठरावा.